हाताने काढलेले पुस्तकशीर्षक: कच्च्या रेखाटनापासून छापखान्यापर्यंत

हाताने काढलेल्या शीर्षकाचे मुखपृष्ठ करणारे अनेक तरुण संकल्पक मला आपले काम दाखवायला येतात आणि बहुतेकांची तक्रार सारखीच असते. कागदावर अक्षरे देखणी उतरलेली असतात. पुस्तक छापून हातात आले की तीच अक्षरे दबलेली, एकमेकांना चिकटलेली किंवा कण्यावरून घसरलेली दिसतात. यात दोष हाताचा क्वचितच असतो. तो कामाच्या क्रमाचा असतो: शीर्षक पक्के होण्याआधी शाई लागलेली असते, कण्याची जाडी कळण्याआधी मांडणी उरकलेली असते आणि कोणत्या कागदावर छपाई होणार हे शेवटच्या दिवशी समजते. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे.

उदाहरणासाठी ‘पूर्वेकडील शिवार’ हे शीर्षक मी मुद्दाम रचून घेतले आहे, कारण देवनागरी अक्षरांकनातल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र येतात. पुस्तक डेमी १/८ आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे (१४० × २१६ मिलिमीटर), २४० पानांचे आणि पेपरबॅक बांधणीचे आहे असे धरू.

## १. शाईची बाटली उघडण्यापूर्वी

प्रकाशकाकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. तोंडी घेतलेली माहिती बदलते आणि बदलाचा भार अक्षरे काढणाऱ्यावर येतो.

१. शीर्षक आणि उपशीर्षक, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांसह अंतिम स्वरूपात.
२. लेखकाचे नाव तो स्वतः लिहितो तसे; आद्याक्षरे की पूर्ण नाव, हेही.
३. पुस्तकाचा आकार, अंदाजे पाने, बांधणीचा प्रकार आणि आतल्या कागदाची निवड.
४. मुखपृष्ठ किती रंगांत छापायचे, लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, आणि फॉइल किंवा उठाव अशी काही प्रक्रिया होणार का.
५. आयएसबीएन क्रमांक, किंमत आणि मलपृष्ठावरचा मजकूर कोणत्या तारखेला मिळणार.

यातल्या पहिल्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एका प्रकाशनासाठी केलेल्या कामात अंतिम अक्षरे मंजूर झाल्यानंतर शीर्षकातल्या एका शब्दाला विभक्तीचा प्रत्यय जोडायचा निरोप आला. संगणकावरच्या टंकासाठी (फॉन्टसाठी) ते एका मिनिटाचे काम असते. हाताने लिहिलेल्या ओळीत मात्र आठ दिवसांनी, वेगळ्या ओलाव्याच्या शाईने काढलेले अक्षर कितीही जपून बसवले तरी उपरे दिसत राहिले आणि अखेर सगळी ओळ पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून शुद्धलेखन तपासलेले, सही केलेले शीर्षक हाती आल्याशिवाय मी पेन्सिलसुद्धा उचलत नाही.

हस्तलिखित वाचावे, पण मुखपृष्ठावर काय ‘दाखवायचे’ हे शोधण्यासाठी वाचू नये. वाक्ये लांब आहेत की तुटक, निवेदक घाईत आहे की थांबून बोलतो, भाषा खरखरीत आहे की घोटलेली, एवढे टिपून ठेवावे. अक्षरांचे वजन आणि वेग त्यावरून ठरतो. शेताचे पुस्तक आहे म्हणून वेलांटीला कणसे लावण्याचा मोह त्यामुळे आपोआप सुटतो.

तपासणी: वरील पाचपैकी एकही उत्तर ‘नंतर कळवतो’ असे असेल, तर तिसऱ्या टप्प्याच्या पुढे जाऊ नये.

## २. कोरी डमी करून घेणे

मुद्रकाला प्रत्यक्ष वापरायच्या कागदाची, तेवढ्याच पानांची, न छापलेली डमी बांधून द्यायला सांगावे. बहुतेक मुद्रक ती आनंदाने देतात, कारण त्यांचाही पुढचा त्रास वाचतो.

कण्याचा हिशेब सोपा आहे. सोळा पानी फॉर्म (छापून घड्या घातलेला एक ताव) धरला तर २४० पानांचे १५ फॉर्म होतात. कागदाची पाने १२० होतात, कारण प्रत्येकाच्या दोन बाजू छापल्या जातात. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर कणा १२ मिलिमीटरचा होतो. चूक होते ती जाडी गृहीत धरण्यात. जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) हे कागदाचे वजन आहे, जाडी नव्हे. ७० जीएसएमचा फुगीर नॅचरल शेड कागद आणि तेवढ्याच वजनाचा घट्ट मॅपलिथो यांच्या जाडीत सहज जाणवेल असा फरक असतो, आणि १२० पानांत तो कण्यावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पोचू शकतो. म्हणून डमी हलकी दाबून व्हर्नियर कॅलिपरने वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी व सरासरी घ्यावी.

त्याच बैठकीत मुखपृष्ठाच्या कार्डाच्या तंतूंची दिशा पाहून घ्यावी. कार्ड दोन्ही दिशांनी हलकेच वाकवले की एका दिशेने ते सहज वळते. ती दिशा कण्याला समांतर असली पाहिजे. उलट असेल तर घडीवर कार्ड तडकते आणि कण्याजवळ गडद रंग असल्यास पांढऱ्या भेगा दिसतात.

डमी हातात आली की तिच्यावर कोरा कागद गुंडाळून शीर्षकाची जागा पेन्सिलीने आखावी. पडद्यावर मुखपृष्ठ सपाट दिसते. हातात धरलेल्या पुस्तकाचा डावा पाच-सहा मिलिमीटरचा पट्टा मात्र घडीत वळतो. शीर्षकाचे पहिले अक्षर त्या पट्ट्यात जाता कामा नये.

## ३. अक्षरांचा सांगाडा

हा टप्पा सर्वांत लांब असायला हवा आणि प्रत्यक्षात सर्वांत लवकर उरकला जातो. सांगाडा म्हणजे जाडी नसलेली, एका पेन्सिल रेषेतली अक्षरे. जाड-बारीकपणा आला की डोळा फसतो आणि चुकीची रचनाही सुंदर वाटू लागते.

आधी अक्षरांची रूपे ठरवावीत. ‘पूर्वेकडील शिवार’मध्ये ल आणि श ही दोन्ही अक्षरे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातील मराठी वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे आहेत. हिंदीत रुळलेला दंडाचा ल वेगळा दिसतो, पण युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेतांक एकच असल्यामुळे मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नसेल, किंवा टंकात मराठी रूपाची सोयच नसेल, तर संगणक बहुधा हिंदी रूप दाखवतो. अनेक जण शीर्षक टंकात टाइप करून त्याची प्रिंट खाली ठेवतात व वरून गिरवतात. तिथेच चुकीचा ल अक्षरांकनात शिरतो. मराठी पुस्तकाच्या दर्शनी भागावर मराठी ल असावा, याबद्दल माझ्या मनात कोणतीही सूट नाही. टंक गिरवू नये; सांगाडा हातानेच उभा करावा.

मग शिरोरेषेच्या वरची गर्दी सोडवावी. आपल्या शीर्षकातले अवघड अक्षर ‘र्वे’ आहे. व च्या दंडाच्या टोकावरून मात्रा डावीकडे झुकत वर जाते आणि त्याच टोकावर रफारही उतरतो. दोन्ही एकाच जाडीने, एकाच उंचीने काढले तर तिथे शाईचा गोळा दिसतो आणि लहान आकारात मात्रेचा पत्ताच लागत नाही. मात्रा थोडी आडवी व लांब करावी, रफार आखूड आणि उजवीकडे उघडणारा ठेवावा आणि दोहोंमध्ये निदान अर्ध्या निबइतकी जागा मोकळी सोडावी. पुढच्या ‘डी’ची वेलांटी ज्या उंचीपर्यंत जाते, त्याच उंचीवर मात्रेचे टोक थांबले तर ओळीचा माथा शांत दिसतो.

मग दोन ओळींमधली टक्कर पाहावी. शीर्षक दोन ओळींत, डाव्या कडेला सारखे लावले तर ‘पू’च्या खाली नेमका ‘शि’ येतो. वरून ऊकार लोंबतो, खालून वेलांटी वर येते आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. अशा वेळी ओळींमधले अंतर वाढवण्याचा उपाय सगळे करतात आणि त्यामुळे शीर्षकाचे दोन असंबद्ध तुकडे होतात. त्याऐवजी ‘शिवार’ ही ओळ उजवीकडे सरकवून ‘र्वेक’च्या खाली आणावी. तिथे वरून काहीही लोंबत नाही, वेलांटीला मोकळे आभाळ मिळते आणि दोन ओळी जवळ राहतात. देवनागरीत दोन ओळींची मांडणी अशी वरच्या ओळीच्या तळावरून ठरते. डावी कड, मधला अक्ष किंवा उजवी कड हा विचार त्यानंतरचा.

अक्षरांमधले अंतर पट्टीने मोजू नये. ‘क’ दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, ‘ड’ खाली डावीकडे पोकळी सोडतो, ‘र’च्या पायाशी बरीच जागा रिकामी असते. तिन्हींच्या मध्ये सारखे मिलिमीटर ठेवले तर ‘क’ कोंबल्यासारखा आणि ‘र’ तुटल्यासारखा दिसतो. सांगाडा उलटा धरून पाहावा. अर्थ वाचता येत नाही तेव्हा डोळ्याला फक्त काळे-पांढरे दिसते आणि कुठे भोक पडले आहे ते लगेच कळते.

सावधान: भ आणि ध यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. सजावटीच्या भरात ती सलग ओढली तर भ चा म आणि ध चा घ होतो. तसेच र नंतर लगेच व आला आणि दोघांत अंतर कमी पडले तर ख वाचला जातो. आपल्या शीर्षकात हा धोका नाही, पण लेखकाच्या नावात असू शकतो.

तपासणी: सांगाडा काडेपेटीच्या आकाराइतका लहान करून, शीर्षक माहीत नसलेल्या माणसाला हातभर अंतरावरून दाखवावा. तो क्षणभर जरी अडखळला, तरी कोणत्या अक्षराशी अडखळला ते विचारून तेवढेच दुरुस्त करावे.

## ४. लेखणी, कागद आणि शाई

देवनागरीसाठी बोरूचा किंवा कट निबचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला तिरका लागतो. रोमन निब तशीच वापरली की जाड रेषा बारीक आणि बारीक रेषा जाड पडते. ‘ठ’सारख्या गोल अक्षराचा भार भलत्याच बाजूला जातो आणि सगळी ओळ परकी वाटते. बाजारातून निब घेताना ती देवनागरीची आहे ना, हे दुकानातच दोन अक्षरे काढून बघावे. बोरू स्वतः कापणार असाल तर तिरका काप एका झटक्यात द्यावा, काचेवर टोक घासून सपाट करावे आणि मधली चीर सरळ आहे ना ते पाहावे.

अक्षराची उंची निबच्या रुंदीत मोजण्याची सवय लावून घ्यावी. कादंबरी किंवा कथासंग्रहाच्या शीर्षकासाठी मी शिरोरेषेपासून पायापर्यंत पाच निब उंची धरून सुरुवात करतो, वर-खाली प्रत्येकी अडीच निब मोकळे ठेवतो. चार निबांवर अक्षर भारदस्त होते, पण ‘र्वे’सारखी जागा भरून जाते, सात निबांवर ते हलके होते आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरे काढल्यास बारीक रेषा बुजतात.

सरावासाठी साधा बॉण्ड पेपर चालतो. अंतिम कामासाठी गुळगुळीत आयव्हरी शीट किंवा कार्ट्रिज पेपर घ्यावा. ज्यांना कडांवर खरखरीतपणा हवा असेल त्यांनी हातकागद वापरावा. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत तो पाहून, हात लावून निवडता येतो. हातकागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघावा. थेंब काही वेळ तसाच गोल राहिला तर कागदाला पुरेशी खळ आहे. लगेच शोषला गेला तर शाई पसरेल आणि कडा केसाळ होतील.

शाई काळी, जलरोधक ड्रॉइंग इंक असावी. बोरूसाठी ती किंचित पातळ करावी लागते, पण एकदा ठरवलेले प्रमाण त्या दिवशी बदलू नये. छोट्या वाटीत दिवसभराची शाई एकदम तयार करून झाकून ठेवावी.

अंतिम मुखपृष्ठ हिरवे असो वा तांबडे, अक्षरे काळ्या शाईतच काढावीत. रंग नंतर देता येतो; रंगीत शाईच्या स्कॅनमधून स्वच्छ कड मिळवणे फार कटकटीचे असते.

## ५. अंतिम अक्षरे

छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट मोठी अक्षरे काढावीत. त्याहून मोठी काढली तर लहान करताना बारीक रेषा नाहीशा होतात. लहान काढून मोठी केली तर शाईचा प्रत्येक थरकाप दिसतो.

सांगाड्याचा कागद लाइट बॉक्सवर ठेवून त्यावर कोरा कागद घ्यावा. पहिल्या दहा-बारा प्रती हात सुटण्यासाठीच असतात, त्या जपूच नयेत. त्यानंतर सांगाडा बाजूला काढावा आणि फक्त दोन फिकट आडव्या रेषांवर, एका शिरोरेषेच्या आणि एका पायाच्या, मोकळ्या हाताने लिहावे. गिरवलेल्या अक्षरात एक प्रकारची भीती असते. ती इथे जाते.

लिहिण्याचा क्रम असा: आधी अक्षरांची मूळ अंगे, मग काने, वेलांट्या आणि उकार, मग शिरोरेषा आणि सर्वांत शेवटी मात्रा, रफार व अनुस्वार. शिरोरेषा आधी ओढून तिला अक्षरे टांगण्याची शाळेतली सवय इथे मोडावी लागते, कारण अक्षरांमधले अंतर अक्षरे लिहितानाच ठरते आणि रेषा आधीच ओढलेली असेल तर हात तिच्या लांबीला बांधला जातो.

शिरोरेषा मनगटाने ओढू नये. कोपर टेबलावरून उचलावे, बोरू पूर्ण भरून घ्यावा, पहिल्या अक्षराच्या थोडे आधी टेकवावा आणि खांद्यातून हात सरळ नेत, मध्ये न थांबता शेवटच्या अक्षराच्या अर्धा निब पुढे सोडावा. ‘पूर्वेकडील’सारख्या लांब शब्दात बोरूची शाई सहसा ‘डी’च्या आसपास कमी पडते आणि रेषा कोरडी होत जाते. ती कोरडी फाट चांगली दिसत असेल तर राहू द्यावी. तिच्यावर पुन्हा बोरू फिरवला तर दोन कडा दिसतात आणि ती दुरुस्ती छपाईत लपत नाही.

पूर्ण शीर्षकाच्या पंचवीस-तीस प्रती झाल्या की त्या दिवशी थांबावे. निवड दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंतीवर लावून, लांबून करावी. लिहिल्या लिहिल्या आपल्याला ज्या प्रतीत हात चांगला चालला ती आवडते. ती वाचायला चांगली असेलच असे नाही.

एका प्रतीतले अक्षर दुसरीत बसवायला हरकत नाही, मात्र दोन्ही प्रती एकाच बैठकीतल्या, एकाच निबच्या आणि एकाच शाईच्या असाव्यात. लहानसहान डाग पांढऱ्या पोस्टर कलरने मूळ कागदावरच झाकावेत.

## ६. स्कॅन आणि सफाई

शाई पूर्ण सुकल्यावर, निदान एक रात्र गेल्यावर, ग्रेस्केलमध्ये ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवावे. मूळ काम दुप्पट आकाराचे असेल तर छपाईच्या आकारात ते १२०० डीपीआय होते आणि रेषेच्या कामाला तेवढे पुरते. मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही. भिंगामुळे शिरोरेषेला बाक येतो आणि तो नंतर सरळ करताना अक्षरांची उंची बिघडते.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. कडा स्वच्छ असतील तर अक्षरे व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदू आणि वक्ररेषांच्या रूपात, न्यावीत. बोरूची कोरडी फाट किंवा हातकागदाचा पोत राखायचा असेल तर व्हेक्टर करू नये. १२०० डीपीआयचे शुद्ध काळे-पांढरे बिटमॅपच (ठिपक्यांचे चित्रच) ठेवावे. पोताच्या अक्षरांना स्वयंचलित ट्रेस (स्कॅनवरून संगणकाने आपोआप कडा काढणे) लावला की हजारो बिंदू तयार होतात, फाटीचे काठ वितळल्यासारखे गोल होतात आणि हाताच्या कामाचा सगळा फायदा जातो. स्वच्छ अक्षरांसाठीही स्वयंचलित ट्रेस फक्त खालचा थर म्हणून ठेवून, वरून पेन टूलने स्वतः रेषा काढाव्यात: वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक बिंदू, आणि कोपऱ्यात कोपराच.

सफाई करताना सगळे गुळगुळीत करत सुटू नये. निबच्या टोकाने सुरुवातीला सोडलेला बारीक कोपरा, दंडाच्या पायाशी झालेला किंचित तिरका काप, हे डाग नव्हेत. शाईचा उडालेला शिंतोडा हा डाग. हा फरक मूळ कागद शेजारी ठेवूनच करता येतो, पडद्यावर आठशे टक्के मोठे करून नव्हे.

तपासणी: छापायच्या आकारात एक काळी प्रिंट काढून मूळ कागदाशी ताडून पाहावी. प्रिंट मूळपेक्षा ‘सुधारलेली’ वाटली तर सफाई जास्त झाली आहे.

## ७. मुखपृष्ठाची मांडणी

मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच फाइलमध्ये मांडावे. आपल्या पुस्तकाची रुंदी १४० अधिक १२ अधिक १४०, म्हणजे २९२ मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरून फाइल २९८ × २२२ मिलिमीटरची होते.

कण्यावर शीर्षक हाताच्याच अक्षरांत असावे, पण दर्शनी बाजूचीच प्रत लहान करून टाकू नये. बारा मिलिमीटर कण्यात दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर सोडल्यावर मात्रा-उकारांसह आठ मिलिमीटर उरतात. अक्षराचा मूळ भाग जेमतेम चार मिलिमीटरचा होतो. तेवढ्या आकारासाठी शीर्षक एका ओळीत, थोड्या रुंद निबने आणि मोकळ्या अंतराने वेगळे लिहावे. कण्यावर अक्षरे एकाखाली एक रचण्याची युक्ती मात्र टाळावी. शिरोरेषा तुटली की देवनागरी शब्द शब्द राहत नाही.

लेखकाचे नाव आणि मलपृष्ठाचा मजकूर टंकात असणे योग्यच आहे. सगळेच हाताने लिहिले तर शीर्षकाचे वेगळेपण जाते. टंकाचे वजन शीर्षकापेक्षा हलके आणि वळणे साधी असावीत. मजकूर इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि मराठी भाषा या दोन्ही गोष्टी निवडाव्यात, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि ज्या ल साठी आपण एवढे कष्ट घेतले तो मलपृष्ठावर हिंदी रूपात उभा राहतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र स्वतंत्रपणे तपासावा.

रंगांबाबत तीनच सूचना. काळे शीर्षक फक्त काळ्या शाईत, १०० टक्के आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापलेले) ठेवावे. चार रंगांतून बनलेला काळा बारीक रेषांना रंगीत सावली आणतो. गडद चाररंगी पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरे काढायची असतील तर बारीक रेषा थोड्या जाड कराव्यात, कारण शाई आत पसरते. आणि बारकोड पांढऱ्यावर काळाच ठेवावा. त्याचा प्रमाण आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर आहे. ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये आणि दोन्ही बाजूंची रिकामी जागा कापू नये. तांबड्या रेषा डोळ्याला दिसतात, पण स्कॅनरच्या तांबड्या प्रकाशाला दिसत नाहीत.

## ८. प्रूफ आणि छपाईचा दिवस

डिजिटल प्रूफ डमीवर गुंडाळून पाहावे. कण्याची घडी शीर्षकाच्या मधून जाते का, डावी कड वळणात जाते का, हे टेबलावर सपाट ठेवलेल्या प्रूफवर कळत नाही. एकदा एका छापखान्यात डमी झाल्यानंतर आतला कागद मला न कळवता बदलला गेला; कणा तीन मिलिमीटरने बारीक झाला आणि कण्यावरची वेलांटी सर्व प्रतींमध्ये दर्शनी बाजूला वळली. त्या चुकीनंतर मी एक नियम केला आहे: छपाईच्या आदल्या दिवशी मुद्रकाला ‘कागद तोच आहे ना’ एवढाच एक प्रश्न लेखी विचारायचा.

मॅट लॅमिनेशनने गडद रंग जरा फिकट पडतात, त्यामुळे नमुन्याच्या एका तावावर लॅमिनेशन करूनच रंगाला मान्यता द्यावी. शीर्षकावर फॉइल असेल तर ब्लॉक (फॉइल दाबण्याचा ठसा) बनवण्यापूर्वी अक्षरांतली सर्वांत अरुंद फट आणि सर्वांत बारीक रेषा ब्लॉक करणाऱ्याला मोजून दाखवावी. ‘र्वे’ची मोकळी जागा फॉइलमध्ये भरून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. लॅमिनेशन आधी, फॉइल नंतर, हा क्रमही त्याच्याशी बोलून पक्का करावा.

सावधान: पहिले पन्नास-शंभर ताव जुळणीचे असतात. रंग बसेपर्यंत त्यांवरून निष्कर्ष काढू नये, आणि रंग बसल्यावर एक ताव सही करून यंत्राशेजारी ठेवायला विसरू नये.

## ९. शीर्षकाच्या हातावरून प्रकाशनाचे बोधचिन्ह

पुस्तकाचे शीर्षक आवडले की प्रकाशक ‘याच अक्षरांत आमच्या संस्थेचे नावही करून द्या’ म्हणतो. तिथे बहुतेकांची घसरगुंडी होते, कारण शीर्षक एका आकारात, एका पार्श्वभूमीवर जगते. बोधचिन्हाला कण्यावरच्या सहा मिलिमीटरपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे उभे राहावे लागते.

म्हणून क्रम उलटा करावा. सर्वांत लहान वापरापासून सुरुवात करावी. संस्थेच्या नावातले एक-दोन अक्षरांचे चिन्ह सहा मिलिमीटर उंचीत, एका रंगात, रबरी शिक्क्यातही वाचता येते का ते पाहावे. त्यासाठी अक्षरातली पोकळी मोठी, जाड-बारीकपणा कमी आणि कोरडी फाट पूर्णपणे वर्ज्य. ते जमल्यावर मोठ्या आकारासाठी, पाटीसाठी किंवा ग्रंथप्रदर्शनाच्या फलकासाठी, अधिक हाताळलेली दुसरी प्रत काढावी. एकाच चिन्हाच्या दोन प्रती ठेवणे हा गोंधळ नव्हे. लहान आणि मोठ्या आकाराच्या गरजा वेगळ्या असतात एवढेच.

मग पुढील गोष्टींवर ते प्रत्यक्ष लावून बघावे: पुस्तकाचा कणा, पाकीट, बिलबुक, कापडी पिशवी आणि मोबाइलवरचे गोल प्रोफाइल चित्र. गोलात शिरोरेषेची दोन टोके कापली जातात, हे अनेकांना चिन्ह मंजूर झाल्यावर कळते.

पुस्तकमालिका असेल तर प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक नव्याने लिहावे, पण निबची रुंदी, शिरोरेषेची मुखपृष्ठावरील उंची आणि बोधचिन्हाची जागा तीच ठेवावी. फळीवर शेजारी ठेवलेल्या पुस्तकांची ओळख या तीन गोष्टींनी होते. रंग आणि चित्र मोकळेपणाने बदलता येतात. ही मापे एका पानावर लिहून प्रकाशकाला द्यावीत. चाळीस पानांची ब्रँडपुस्तिका छोट्या प्रकाशनात कोणी उघडत नाही.

नाव आणि चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायची असल्यास छापील साहित्य वर्ग १६ मध्ये येते. अर्ज प्रकाशकाने करायचा असतो. आपण त्याला एकरंगी, स्वच्छ फाइल द्यावी.

## १०. हक्क, श्रेय आणि मूळ कागद

कामाआधी एका पानाचा करार करावा. त्यात अक्षरे कोणत्या पुस्तकासाठी, किती आवृत्त्यांसाठी, ई-बुक व जाहिरातींसाठी चालतील का, आणि बदल कोण करू शकतो, एवढे लिहावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखी करारानेच दिले जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. हे माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे नुकसान होते: प्रकाशकाला वाटते कायमचे घेतले, संकल्पकाला वाटते एकदाच दिले.

श्रेयपृष्ठावर ‘मुखपृष्ठ’ आणि ‘अक्षरांकन’ या दोन नोंदी वेगळ्या मागाव्यात, दोन्ही काम एकाच व्यक्तीचे असले तरी. पुढच्या आवृत्तीत चित्र बदलून अक्षरे तशीच ठेवली गेली, तर नाव आपोआप गळत नाही.

मूळ कागद प्रकाशकाला देऊ नयेत, फाइल द्यावी. निवडलेली प्रत, तिच्याबरोबरच्या दोन पर्यायी प्रती आणि सांगाडा असे आम्लरहित कागदात, सपाट, उन्हापासून दूर ठेवावेत. मागे पेन्सिलीने तारीख, निबची रुंदी, कागद आणि शाईचे प्रमाण लिहावे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी उपशीर्षक जोडायचे ठरले, तर त्याच नोंदीवरून निब कापून, त्याच प्रमाणात शाई करून सुरुवात करता येते.